टायरखालची जिवंत माती

युटा राज्यातल्या मोआब गावापासून साधारण ५० किलोमीटरवर डेड हॉर्स पॉइंट नावाचं स्टेट पार्क आहे. कड्यावरून खाली पाहिलं की ६०० मीटर खोल दरीत कोलोराडो नदीने घेतलेलं, घोड्याच्या नालेसारखं वळण दिसतं. याच पठारावर २००९ मध्ये खास माउंटन बाइकसाठी इंट्रेपिड ट्रेल खुली झाली. आज तिचे सगळे फाटे मिळून पंचवीसेक किलोमीटर भरतात. फार अवघड चढ नसल्यामुळे नवखे लोक आणि मुलांना घेऊन आलेली कुटुंबंही इथे सायकली काढतात. एक नियम मात्र सगळ्यांना सारखाच लागू आहे: वाट सोडायची नाही. कडा जवळ आहे म्हणून हा नियम असणार, असं कुणालाही वाटेल. ते कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण आपल्या चाकाखालच्या जमिनीत आहे.

आधी खडक पाहू. या भागातल्या उघड्या वालुकाश्माला ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा खडक म्हणतात. पण हे नाव पडलं घोड्यांमुळे. त्यांचे लोखंडी नाल या खडकावरून घसरायचे. रबराचं तसं नाही. वालुकाश्म म्हणजे वाळूचे चिकटलेले कण, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो. मऊ रबर या बारीक उंचसखल भागांत दबून बसतं आणि घट्ट पकड मिळते. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की रबर आणखी पसरतं, पकड वाढते. कोरड्या खडकावर सायकल चालवली तर मागे फारसं काही उरत नाही.

हा कडा इतका सरळसोट का, याचं उत्तरही खडकातच आहे. आपण ज्याच्यावर सायकल चालवतो तो कायेंटा नावाचा टणक थर. त्याच्या खाली विंगेट वालुकाश्माची उभी भिंत, आणि तिच्याही खाली मऊ, लवकर झिजणारे थर. खालचा मऊ थर झिजला की वरच्या भिंतीचा आधार जातो आणि तिचे मोठमोठे ठोकळे उभेच्या उभे सुटतात. म्हणून कडा तुटक आणि धारदार राहतो. काठाच्या अगदी जवळ सायकल न्यायची नाही, ती एवढ्यासाठी.

आता माती. दोन खडकांमधल्या लाल वाळूवर काळपट, खडबडीत, इंच-दोन इंच उंचीचे छोटे डोंगर उभे असल्यासारखं आवरण दिसतं. हे आवरण जिवंत असतं. त्यात सायनोबॅक्टेरिया, शेवाळं आणि लायकेन एकत्र राहतात. लायकेन म्हणजे गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद. यातले सायनोबॅक्टेरिया धाग्यांसारखे असतात. पाऊस पडला की हे धागे वाळूतून सरकतात आणि मागे चिकट नळ्या सोडत जातात. पाणी आटलं तरी त्या नळ्या राहतात आणि वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. असं हे विणकाम वर्षानुवर्षं चालतं. शिवाय यातले काही जीव हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. वाळवंटी झुडपांना हे खत फुकट मिळतं.

अडचण अशी, की कोरड्या असताना या नळ्या ठिसूळ असतात. एका चाकाखाली त्या चुरतात, आणि दुरुस्तीला लागतं पाणी. मोआबला वर्षाचा पाऊस जेमतेम २५० मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीत एका पावसाळ्यात वापरात नसलेली पायवाट गवतात बुजून जाते. इथे मात्र सायनोबॅक्टेरियाचा थर पुन्हा धरायला काही वर्षं ते काही दशकं लागतात, आणि लायकेन व शेवाळं परतायला त्याहून खूप जास्त. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या जेन बेलनॅप यांनी मोआबमध्ये राहून अनेक वर्षं याच मातीचा अभ्यास केला.

पावलापेक्षा चाकाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पावलांचे ठसे सुटे असतात, चाकाची रेघ मात्र सलग असते. उतारावर या रेघेतून पाणी वाहतं आणि तिचा ओहोळ होतो. मोकळी झालेली वाळू वाऱ्याने शेजारच्या धड आवरणावर जाऊन पडते. खाली गाडल्या गेलेल्या जीवांना सूर्यप्रकाश मिळत नाही आणि तेही मरतात. म्हणजे चार बोटं रुंदीची रेघ कालांतराने पसरत जाते.

आणि धूळ इथेच थांबत नाही. वसंतातले वारे ती पूर्वेला रॉकी पर्वतावर नेतात. पांढऱ्या बर्फावर तांबूस धूळ बसली की बर्फ जास्त ऊन शोषतं आणि लवकर वितळतं. जमीन लवकर उघडी पडते, मग झाडं आणि माती जास्त दिवस पाणी उडवत राहतात. टॉम पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या धुळीमुळे कोलोराडोचा वार्षिक प्रवाह सरासरी ५ टक्क्यांनी घटतो, असा अंदाज निघाला. या नदीवर सुमारे ४ कोटी लोक अवलंबून आहेत. धुळीचा मोठा वाटा एकोणिसाव्या शतकापासूनची गुरचराई, शेती, रस्ते, गाड्या यांचा आहे. सायकलींचा वाटा त्यापुढे नगण्य. पण माती मोडण्याची रीत एकच आहे. कड्यावर मोडलेल्या मातीचा हिशेब कड्याखालच्या नदीत लागतो.

म्हणून तिथे जाल तेव्हा एवढं सांभाळा. वाटेत खोल वाळू लागली तर बाजूने वळसा घेऊ नका, उतरून सायकल ढकला. समोरून कुणी आलं तर वाटेवरच किंवा खडकावर थांबा. फोटो काढायला, पाणी प्यायला खडक किंवा कोरड्या ओढ्याचं पात्र निवडा. काळे डोंगर दिसत नाहीत म्हणून सपाट वाळू निर्जीव समजू नका, तिथे नवं आवरण धरत असेल. ओल्या वालुकाश्माची ताकद कमी होते, तेव्हा पावसानंतर तो नीट वाळू द्या. पाणी भरपूर न्या, कारण कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो आणि तहान उशिरा कळते.

या जागेच्या नावामागची दंतकथा तहानेचीच आहे. काउबॉय पठाराच्या अरुंद मानेवर कुंपण घालून जंगली घोडे कोंडत. एकदा मागे राहिलेले घोडे खाली वाहणारी कोलोराडो पाहत पाण्यावाचून मेले म्हणतात. खरं-खोटं बाजूला ठेवा. या प्रदेशात पाणी दिसतं त्याहून किती दूर असतं, हे त्या गोष्टीला नेमकं ठाऊक आहे.