त्वचारोगी जवानांच्या अपंगत्वाचा टक्का ठरतो कसा?

नवी मुंबई - गोळी लागून पाय गमावलेल्या जवानाचे अपंगत्व कोणालाही दिसते. सोरायसिससारख्या दाहक त्वचारोगाचे तसे नाही. कडाक्याच्या थंडीत बुटात पाय घालणेही अशक्य करणारा हा विकार काही महिन्यांनी बराचसा ओसरतो. सेवा संपताना वैद्यकीय मंडळापुढे उभे राहण्याचा दिवस नेमका असा 'बरा' निघाला, तर त्याचा परिणाम आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनावर होतो.

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी दोन अटी आहेत. आजार सेवेमुळे उद्भवलेला वा बळावलेला असावा आणि अपंगत्व किमान 20 टक्के असावे. त्वचारोगाच्या बाबतीत पहिलीच अट अवघड ठरते. सोरायसिसला आनुवंशिक पार्श्वभूमी असल्याने मंडळ तो 'प्रकृतिगत' ठरवू शकते. मात्र, अतिथंड व कोरडे हवामान, मानसिक ताण, त्वचेवरील जखमा आणि क्लोरोक्विनसारखी हिवतापावरील औषधे यांनी तो बळावतो, हेही वैद्यकशास्त्राला मान्य आहे. सैनिकी जीवनात ही कारणे नित्याचीच असतात.

तीव्रता मोजावी कशी?

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे 1 टक्का भाग, असा ठोकताळा त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. 10 टक्क्यांहून अधिक त्वचा बाधित असल्यास आजार सर्वसाधारणपणे तीव्र समजला जातो. पण तळपाय वा तळहातावरील भेगा थोड्या जागेत असूनही माणसाला निकामी करतात. अमेरिकेत माजी सैनिकांचे मूल्यमापन करताना बाधित क्षेत्राबरोबरच मागील 12 महिन्यांत पोटातून वा इंजेक्शनद्वारे किती काळ औषधे घ्यावी लागली, हेही पाहतात. त्यामुळे एका दिवसाच्या तपासणीवर सारे अवलंबून राहत नाही.

टक्क्याचे मोल मोठे आहे. 100 टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के इतका अपंगत्व भाग मिळतो. त्या हिशेबाने 20 टक्क्यांना 6 टक्के रक्कम येते. 50 टक्क्यांहून कमी अपंगत्व 50 टक्के धरण्याची सवलत लागू झाल्यास हीच रक्कम 15 टक्के होते. मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत मिळावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये दिला. त्यापूर्वी जुलै 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाल्याचे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रशासनाची राहील, असे न्यायालयाने म्हटले होते. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले असल्याने त्यानंतर सेवा सोडलेल्यांनी आपला हक्क त्या नियमांनुसार तपासावा.

दाद कोठे मागावी?

दावा फेटाळला गेल्यास आधी खात्याकडे अपील करावे लागते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचा मार्ग आहे. मार्गदर्शनासाठी वाशी, नेरुळ, बेलापूर येथील माजी सैनिकांना ठाण्याचे, तर खारघर, कामोठे, पनवेल येथील रहिवाशांना रायगडचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

अपंग हक्क कायदा 2016 मधील 21 प्रकारांत सोरायसिसचा समावेश नाही. त्यामुळे केवळ या आजारावर नागरी प्रमाणपत्र मिळण्याचा मार्गही बंद आहे. अशा वेळी लष्करी रुग्णालयातील प्रत्येक भरतीचा कागद, औषधांच्या नोंदी, नेमणुकीची ठिकाणे आणि आजार भडकलेल्या काळातील तारखांसह छायाचित्रे जपून ठेवणे हाच जवानाचा खरा आधार आहे. त्वचा बरी होते तेव्हा पुरावाही पुसला जातो. कागद मात्र राहतो.