प्रांत कोणाला बोलावतो?

कॅनडाच्या अर्थसंकल्पाबरोबर नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थलांतराचा नवा तीन वर्षांचा आराखडा आला आणि ‘पीएनपीच्या (प्रांतीय नामांकन योजनेच्या) जागा वाढल्या’ ही बातमी आपल्याकडेही घरोघरी पोचली. प्रांतांच्या नामांकनातून २०२६ मध्ये ९१,५०० जणांना पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) देण्याचे लक्ष्य आहे. आदल्या वर्षीच्या ५५,००० शी तुलना केली तर वाढ घसघशीत वाटते. पण २०२४ चे लक्ष्य १,१०,००० होते आणि ते एका फटक्यात निम्मे केले गेले होते. म्हणजे कापलेले पुरते परत मिळालेले नाही. शिवाय याच आराखड्यात एकूण पीआरचे लक्ष्य ३,९५,००० वरून ३,८०,००० वर आले आणि नव्या विद्यार्थ्यांची संख्या ३,०५,९०० वरून १,५५,००० वर आणली गेली.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खरी बातमी कळते. एकूण दार अरुंद होत आहे आणि त्यातला प्रांतांचा वाटा वाढत आहे. कॅनडात कायमचे कोण येणार, हे ठरवताना आता ओटावातल्या केंद्र सरकारबरोबर विनिपेग, रिजायना आणि हॅलिफॅक्स या प्रांतिक राजधान्यांचाही शब्द चालणार आहे. म्हणून जाऊ इच्छिणाऱ्याने ‘माझे गुण किती’ याच्याआधी ‘त्या प्रांताला काय हवे आहे’ हा प्रश्न विचारायला हवा. आपल्याकडे तो फार कमी विचारला जातो.

शेती आणि स्थलांतर, एकाच कलमात

कॅनडाच्या १८६७ च्या राज्यघटनेतले ९५ वे कलम शेती आणि स्थलांतर हे दोन विषय एकत्र घेते आणि दोन्हींवर केंद्र व प्रांत या दोघांनाही अधिकार देते. ओसाड जमीन कसायला माणसे आणायची, हा त्या काळचा हिशेब होता. पुढे मात्र माणसे निवडण्याचे काम ओटावाने जवळजवळ पूर्णपणे आपल्याकडे ठेवले. क्युबेकने १९९१ च्या कराराने स्वतःची वेगळी व्यवस्था मिळवली, म्हणून तो प्रांत आजही पीएनपीच्या बाहेर आहे. उरलेल्या प्रांतांची तक्रार साधी होती. नव्वदच्या दशकात येणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकुव्हर या तीनच महानगरांत उतरत. मधल्या सपाट प्रदेशातली गावे म्हातारी होत चालली होती.

मॅनिटोबाने त्यावर उपाय शोधला. १९९६ मध्ये या प्रांताने केंद्राशी स्थलांतराचा करार केला आणि १९९८ मध्ये नामांकनाची पहिली योजना तिथेच सुरू झाली. विनिपेगच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांना शिलाई कामगार हवे होते, दक्षिणेकडच्या गावांना वेल्डर आणि सुतार हवे होते. केंद्राच्या गुणपद्धतीत पदवीला वजन होते, त्यामुळे हातात कसब असलेला माणूस तिथे मागे पडे. प्रांताने म्हटले, आमच्या गरजेची माणसे आम्हाला निवडू द्या, तुम्ही आरोग्य, गुन्ह्यांची नोंद आणि सुरक्षा तपासा. हीच दुहेरी रचना आजही आहे. प्रांत नाव सुचवतो, शेवटचा निर्णय केंद्राचा.

मॅनिटोबात नंतर जे घडले, ते मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. विंकलर आणि स्टाइनबाख ही जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेली गावे. ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या रशिया आणि कझाकस्तानात राहिले आणि जे पुढे जर्मनीत गेले, अशी कुटुंबे पीएनपीतून या गावांत आली. भाषा आणि चर्च ओळखीचे होते, कारखान्यात काम तयार होते. ती तिथे रुजली. विनिपेगमध्ये साठच्या दशकापासून फिलिपिनो शिवणकामगार स्थायिक होते. त्यांच्या नातलगांना या योजनेने वाट करून दिली आणि आज तो समाज शहराच्या जीवनाचा मोठा भाग आहे. ब्रँडनमध्ये १९९९ मध्ये मेपल लीफ कंपनीचा डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना सुरू झाला. हे कष्टाचे काम करायला स्थानिक माणसे पुरेनात, तेव्हा मेक्सिको, एल साल्वादोर, चीन, मॉरिशसमधून कामगार आधी तात्पुरत्या परवान्यावर आले आणि मग नामांकनातून कायम झाले. त्यांची मुले गावच्या शाळांत गेली, स्पॅनिश बोलणारी दुकाने उघडली.

तिन्ही ठिकाणी एकच सूत्र दिसते. काम होते, ओळखीचे कोणी तरी होते, आणि आलेल्यांना राहायचे होते. प्रांत आजही याच तीन गोष्टी तपासतो.

सहाशे गुणांमागचे गणित

नामांकनाच्या दोन वाटा आहेत. एक ‘एक्स्प्रेस एंट्री’ या केंद्राच्या गुणपद्धतीला जोडलेली. तिथे प्रांताचे नामांकन मिळताच उमेदवाराच्या खात्यात ६०० गुण जमा होतात. कॅनडात काम केलेल्यांच्या सोडतींतही २०२५ मध्ये कटऑफ ५०० च्या वर राहिला, यावरून या ६०० गुणांचे मोल कळावे. त्यातच मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे जादा गुण केंद्राने काढून टाकले, त्यामुळे प्रांताचे वजन आणखी वाढले. दुसरी वाट एक्स्प्रेस एंट्रीच्या बाहेरची. ती हळू चालते, पण ट्रकचालक किंवा कारखान्यातल्या कामगारासारख्यांना बहुधा तीच खुली असते.

प्रांत माणूस कसा पारखतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा मॅनिटोबाचेच. तिथल्या गुणपत्रकात जवळचा नातलग मॅनिटोबात असेल तर २०० गुण मिळतात. पण नातलग फक्त दुसऱ्या प्रांतात असेल, शिक्षण किंवा नोकरी दुसऱ्या प्रांतात झाली असेल, पूर्वी दुसरीकडे अर्ज केला असेल, तर प्रत्येक गोष्टीपोटी १०० गुण कापले जातात. टोरांटोला मावशी आहे हे आपण कौतुकाने सांगतो. विनिपेगच्या अधिकाऱ्याला त्यात तुम्ही निघून जाण्याची शक्यता दिसते.

सस्कॅचवानने २०२५ मध्ये याहून कडक भूमिका घेतली. हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, लोकसंख्या जेमतेम बारा लाख. आपल्याकडे आयात होणाऱ्या कॅनडाच्या मसुराचा मोठा भाग इथलाच. २०२५ च्या सुरुवातीला त्याला फक्त ३,६२५ नामांकने मिळाली. त्यातली तीन चतुर्थांश आधीच कॅनडात असलेल्यांना द्यावीत, अशी केंद्राची अट होती. मग प्रांताने हॉटेल, किरकोळ दुकाने आणि ट्रकवाहतूक यांच्यावर मर्यादा घातली, आणि परदेशातून थेट माणूस आणायची मुभा आरोग्य, शेती आणि कुशल कारागिरी एवढ्याच क्षेत्रांना ठेवली. सांगलीत बसून अर्ज भरणाऱ्या परिचारिकेला किंवा वेल्डरला तिथे जागा होती, सांगलीतूनच अर्ज करणाऱ्या स्टोअर मॅनेजरला नव्हती.

जे आधीच तिथे आहेत

या धोरणाची किंमत कोणी मोजली, हेही बोलायला हवे. २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंड या चिमुकल्या प्रांताने नामांकने पाव हिश्श्याने कमी केली आणि आरोग्य, बांधकाम, बालसंगोपन यांना प्राधान्य दिले. दुकाने आणि उपाहारगृहांत काम करणारे तरुण, बहुतेक भारतीय, शार्लटटाउनमध्ये रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात त्यांनी उपोषण केले. अनेकांनी कर्ज काढून शिक्षण घेतले होते, नियम पाहून त्या बेटावर राहायला आले होते, आणि परवाना संपत आला असताना नियम बदलले. गरज बदलली की यादी बदलण्याचा प्रांताला हक्क आहे, हे मान्य. पण वर्षभर कर भरलेल्या माणसाला मध्येच वाऱ्यावर सोडणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधीपासून तिथे काम करणाऱ्यांना जुने नियम लावण्याची तरतूद प्रत्येक प्रांताने करायला हवी.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पीआर मिळाल्यावर कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा हक्क कॅनडाच्या हक्कसंहितेचे सहावे कलम देते. त्याचा आधार घेऊन ‘नामांकन छोट्या प्रांताचे घ्या, मग टोरांटो गाठा’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. पण त्या प्रांतात राहण्याचा इरादा ही नामांकनाची कायदेशीर अट आहे. अर्ज करतानाच इरादा खोटा असेल, तर ती दिशाभूल ठरते आणि तिच्यासाठी पाच वर्षांची बंदी आहे. पुढे खरोखर काम मिळाले नाही म्हणून गाव सोडणे वेगळे. अटलांटिक प्रांतांत, विशेषतः प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये, टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत कमी आहे आणि त्याची शिक्षा मागून येणाऱ्या प्रामाणिक अर्जदारांना कडक नियमांच्या रूपाने मिळते.

पैसे मोजण्याआधी

नामांकन विकत मिळत नाही. मॅनिटोबाचे अर्जशुल्क ५०० डॉलर आहे, ओंटारियोचे १,५०० ते २,०००. त्यापलीकडे कोणी ‘हमखास नॉमिनेशन’साठी किंवा नोकरीच्या पत्रासाठी लाखो रुपये मागत असेल, तर तो गुन्ह्यात सामील व्हायला सांगत आहे. कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना व परवानाधारक पॅरालीगलना, क्युबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांनाच आहे. परवाना क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो.

आणखी एक गोष्ट परिचारिका आणि इंजिनिअर यांच्यासाठी. नामांकन मिळाले म्हणजे व्यवसायाचा परवाना मिळाला असे होत नाही. तो प्रत्येक प्रांताची स्वतंत्र नियामक संस्था देते आणि त्याची परीक्षा, कागद, वेळ सारे निराळे. त्याची चौकशी नामांकनाच्या आधी करा.

९१,५०० हा आकडा वाचून उत्साह वाटणे साहजिक आहे. पण अर्ज भरण्याआधी त्या गावाचे नाव नकाशावर शोधा, तिथली जानेवारी कशी असते ते वाचा, तिथे तुमच्या कामाच्या किती जाहिराती आहेत ते मोजा, आणि पाच वर्षे तिथे राहाल का, हे घरच्यांसमोर बसून ठरवा. उत्तर ‘हो’ असेल, तर पीएनपी हा आजही कॅनडाला जाण्याचा सर्वांत सरळ रस्ता आहे. ‘नाही’ असेल, तर ती जागा ज्याला खरोखर तिथे राहायचे आहे त्याच्यासाठी सोडा.