अडला हरी आणि परदेशी डॉलर

परकी भांडवल हा पाहुणा की सावकार, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. मला विचाराल तर तो आला त्या दिवशी आपल्या कणगीत दाणे किती होते, हे आधी पाहावे.

१९७३ च्या परकी चलन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली. कोका कोला आणि आयबीएम यांनी १९७७-७८ मध्ये गाशा गुंडाळला. आपण ऐटीत जा म्हटले. पण १९९१ साली गंगाजळी उरली जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती. जुलैत ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले, आणि त्याच महिन्यात निवडक उद्योगांत ५१ टक्के परकी भागीदारीची वाट मोकळी झाली. अडला हरी, दुसरे काय!

अशा अडलेपणाची किंमत पाहायची तर वाशिष्ठीच्या मुखाशी, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला चला. एन्रॉनचा वीज प्रकल्प उभा राहिला तो इथे. (नाव मात्र खाडीपलीकडच्या दाभोळचे!) राज्याला वीज हवी होती, हाती पैसा नव्हता. डिसेंबर १९९३ मध्ये खरेदीकरार झाला. त्याआधी जागतिक बँकेने कर्ज नाकारले होते, तरीही झाला. वीज मंडळाची पत पाहूनच कंपनीने राज्याची हमी मागितली, आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. शिवाय वीज घ्या वा न घ्या, ठरावीक आकार द्यायचाच, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. मला खरी मेख दिसते ती इथे. रुपया घसरला तर खड्डा मंडळाच्या तिजोरीत! १९९३ मध्ये डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये ४६ च्या वर गेला. इंधन नाफ्त्याचे, त्याचाही भाव चढला.

१९९५ मध्ये सरकार बदलले. प्रकल्प रद्द झाला आणि वाटाघाटींनंतर पुन्हा जिवंत झाला. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, मे २००१ मध्ये बंद पडली.

आता याच्या शेजारी कोका कोला ठेवा. तीही १९९३ मध्येच परतली, पण आमच्या बाटल्या खपतीलच अशी हमी तिला कुणी लिहून दिली नव्हती. तिला इथले तहानलेले गिऱ्हाईक दिसत होते, तेवढ्यावर ती आली. नफा-तोटा तिचा तिच्यापाशी. एन्रॉनचा तोटा मात्र आपण आधीच अंगावर घेतला होता.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. अंजनवेलची बंद यंत्रे पुन्हा चालवण्यासाठी २००५ मध्ये नवी कंपनी निघाली, तेव्हा पुढे आल्या आपल्याच सरकारी कंपन्या.