आडोशाचीं मिरचीचीं रोपें दुबळीं कां?

खरिपाच्या लावणीसाठीं मिरचीचें बीं पडवींत किंवा ओसरीवर खोक्यांत टाकण्याची वहिवाट पुष्कळ घरीं आहे. बीं आठ-दहा दिवसांत चांगलें उगवतें. पुढें मात्र रोपें लांबट व फिकट होऊन माना टाकतात. शेतकरी बंधु ही खताची उणीव समजून चिमूटभर युरिया घालतात. येथेंच चूक होते.

बहुधा खरी उणीव उजेडाची असते. पडवींत आपणांस वाचतां येतें म्हणून तेथें उजेड पुरेसा वाटतो. परंतु आपला डोळा अंधुक उजेडास सरावतो, तसें रोप सरावत नाहीं. उजेडाच्या शोधांत तें नुसतें उंच होतें व खोड दोऱ्यासारखें राहतें. त्यांत नत्र पडलें कीं वाढ अधिकच लुसलुशीत होते, आणि लावणीनंतर पहिल्याच उन्हांत रोप आडवें पडतें. रोपें दाराकडे झुकलीं असल्यास हाच दोष समजावा.

खोड जमिनीलगत पाणथळ व चिमटल्यासारखें होऊन रोप कोलमडल्यास मात्र ती रोपमर होय. पिथियमसारख्या बुरशा दाट पेरणींत व साचलेल्या ओलींत माजतात. कोलमडलेलें रोप वाचत नाहीं. तें मातीसह काढावें, पाणी आवरावें व उरलेल्यांच्या मुळाशीं लिटरास ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईडचें पाणी ओतावें. पेरणीपूर्वीं किलो बियाण्यास ३ ग्रॅम थायरम चोळणें याहून स्वस्त पडतें.

भरपूर उजेडांतही पानें पिवळीं पडलीं तरच खताचा विचार करावा. नारळाच्या काथ्याच्या भुशांत अन्न जवळजवळ नसतें. त्यांतील रोपांस दोन खरीं पानें आल्यावर विद्राव्य खत फार पातळ करून द्यावें.

बीं रुजेपर्यंत आडोसा ठीक. २५ ते ३० अंश सेंटिग्रेड ऊब मिरचीस मानवते. अंकुर दिसतांच खोकीं बाहेर काढावीं: प्रथम सकाळचें तासभर कोवळें ऊन, मग दिवसेंदिवस अधिक, आणि दोनप्रहरीं वर जाळीची सावली. तळास भोकें हवींत. पाणी सकाळींच घालावें व वरची माती सुकल्यावांचून पुन्हा घालूं नये.

टोमॅटोचें लांबलेलें रोप खोल पुरल्यास सावरतें, कारण त्याच्या खोडास मुळें सहज फुटतात. मिरचीचें तसें नाहीं. संकरित बियाणें महाग असल्यानें दुबळीं रोपें टाकवत नाहींत, हें खरें. तरी अतिशय लांबलेलीं टाकून दुसरें बीं लगेच घालावें. लावणी थोडी लांबली तरी पुढें शेतभर नांगे भरीत बसावें लागणार नाहीं.