वरची खोली भाड्याने देताना

घरमालक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चाळीचा शेठ उभा राहतो. पण आज आपल्या वस्त्यांतूनही घरमालक झालेली माणसे पुष्कळ आहेत. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून कल्याण-अंबरनाथच्या बाजूला घर बांधले, वर एक खोली चढवली आणि म्हातारपणाला आधार म्हणून ती भाड्याने दिली, अशी कितीतरी घरे आम्हाला ठाऊक आहेत. भाडे किती घ्यावे, अनामत किती, भाडेकरू वेळेवर खोली सोडेल ना, याची ही मंडळी दहा जणांकडे चौकशी करतात. आपल्या घरात भाडेकरूला इजा झाली तर काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कामगाराला तो प्रश्न फार उशिरा पडला. वरच्या खोलीचा जिना लोखंडी. पावसाळ्यामागून पावसाळे झेलून पायऱ्या गंजलेल्या. भाडेकरूची बायको दोनदा सांगून गेली, "काका, चौथी पायरी हलते." काका म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." ऑगस्टात पाण्याचा हंडा घेऊन चढताना ती पायरी तुटली आणि बाईंचा पाय मोडला. ऑपरेशन झाले, पायात सळई बसली, तीन महिने चार घरची कामे बुडाली. मग वकिलाची नोटीस आली. काकांनी करारनामा बाहेर काढला. साध्या स्टॅम्पपेपरवरचा, नोंदणी न केलेला. त्यात "अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही" असे वाक्य होते आणि काकांची सारी भिस्त त्यावरच होती. त्यांच्या वकिलाने तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. शेवटी दवाखान्याचे बिल आणि बुडालेली मजुरी भरून देऊन प्रकरण आपसात मिटले. त्यासाठी बँकेतली ठेव मोडावी लागली.

काकांबद्दल आम्हाला आपुलकी आहे, पण चूक त्यांचीच होती. पायरी हलते हे त्यांना माहीत होते. अशा दाव्यात सगळे येऊन अडते ते इथेच. माहीत असून दुरुस्ती केली नाही, तर करारातले एक वाक्य वाचवील या भरवशावर कोणी राहू नये. आणि माहीत नव्हते म्हणूनही सुटका होतेच असे नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 साली कोसळून माणसे दगावली. मनोरा सुमारे 80 वर्षांचा आणि नगरपालिकेच्या मालकीचा होता. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली निकाल दिला की, रस्त्यालगतची इमारत पडून कोणाला इजा झाली तर दोष उघड असो की आत दडलेला असो, मालकाला भरपाई द्यावी लागेल. तेव्हा रस्त्यावर झुकलेला सज्जा किंवा गच्चीचा सुटलेला कठडा ही भाडेकरूपुरती बाब नव्हे. खालून जाणाऱ्याचाही त्यात जीव आहे.

प्रकरण पैशांवरच थांबेल असेही नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या कायद्यात ती दोन वर्षे होती. मृताची बायको, मुले, आईबाप हे 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली वेगळी भरपाई मागू शकतात.

मग करारनामा करूच नये काय? जरूर करावा, आणि नोंदवावाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद उभा राहिला की अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. जिना कोणी दुरुस्त करायचा, वायरिंग कोणाकडे, टाकीचे झाकण कोणी बघायचे, हे करारात स्पष्ट लिहा.

पावसाळ्यापूर्वी एकदा स्वतः घरभर फिरा. पायऱ्या, कठडा, स्लॅबचे पोपडे, उघडी वायर बघा. विजेच्या बोर्डात 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळताच तो पुरवठा तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून बघावे. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर तर मुळीच नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि अंघोळीला गेलेले माणूस बाहेर येत नाही. भाडेकरूने स्वतःच बसवला असेल, तरी लेखी सांगून काढायला लावा.

भाडेकरूची तक्रार आली की वहीत तारीख टाका. दुरुस्तीची पावती त्याच पानाला टाचा, कामाचा फोटो काढून ठेवा. भाडेकरूने सही केली तर उत्तम. आम्ही विचारले तर काही मंडळी म्हणाली, एवढे कोण लिहीत बसतो? पण भाड्याचा हिशेब लिहितोच की आपण!

विम्याचे म्हणाल तर 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप यांत घराचे व सामानाचे झालेले नुकसान ती भरून देते. भाडेकरूने किंवा वाटसरूने आपल्यावर लावलेला दावा तिच्या मूळ संरक्षणात येत नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. एजंट "सगळे कव्हर आहे" म्हणाला, तर "दुसऱ्याला इजा झाली तर पैसे कोण देणार, ते कुठल्या कलमात आहे?" असे विचारा आणि ते कलम समोर वाचून घ्या.

काकांनी आता सिमेंटचा जिना बांधून घेतला आहे, दोन्ही बाजूंना कठड्यासह. भाडेकरू तेच आहेत. बाई अजून थोड्या लंगडतात, आणि हंडा वर चढवावा लागू नये म्हणून काकांनी नळाची लाइन वरपर्यंत नेली आहे.