वाहनाचा अधोभाग आणि गंज : क्रियापदांच्या साक्षीने एक विचार

लोखंडाच्या गंजाविषयी बोलताना मराठी भाषक तीन निरनिराळ्या वाक्यरचना योजतो : ‘पत्र्यावर गंज चढला’, ‘पत्रा गंजला’ आणि ‘गंजाने पत्रा खाल्ला’. पहिल्या वाक्यात गंज हा कर्ता असून पत्रा केवळ अधिकरण आहे; त्याच्यावर काही घडले, त्याला स्वतःला काही झाले नाही. दुसऱ्या वाक्यात पत्राच कर्त्याच्या स्थानी येतो व त्याचे स्थित्यंतर झाल्याचे क्रियापद सांगते. तिसऱ्यात गंज हा सकर्मक क्रियेचा कर्ता होतो आणि पत्रा तिचे कर्म. बोलणारा दर वेळी हा भेद कटाक्षाने पाळतो असे नाही. तथापि धातूच्या ऱ्हासाच्या तीन अवस्थांशी ह्या तीन रचना चांगल्या जुळतात. वाहनाच्या अधोभागाचे संरक्षण करू जाता होणारे बरेचसे नुकसान ह्या अवस्थांची गल्लत केल्यामुळे होते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम गंज कसा होतो ते पाहू. लोखंड, पाणी आणि प्राणवायू ह्या तिघांचा संयोग झाला की लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड बनते, तोच गंज. ह्यासाठी पावसाची सर यावी लागत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा पापुद्रा जमतो व क्रिया वेग घेते. मीठ असल्यास हे पाणी विजेचे चांगले वाहक होते. शिवाय मीठ स्वतःच हवेतील ओल शोषून पृष्ठभाग ओला ठेवते. थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी पसरलेले मीठ वाहनांखाली उडते. कोकणपट्टीत तेच काम समुद्रावरून येणारा खारा वारा करतो; आणि मासळी वाहणाऱ्या गाडीच्या चासीवर तर बर्फाचे खारट पाणी प्रत्यक्षच ठिबकत असते. त्यावर पावसाळ्यातील चिखलाची भर पडते. चाकांवरील कमानीत साचलेला चिखल वरून सुकलेला दिसला, तरी आतून अनेक दिवस ओला राहतो. चिखलाखाली प्राणवायू कमी पोहोचतो व आजूबाजूस अधिक. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स ह्यांनी १९२० च्या दशकात खाऱ्या पाण्याच्या एका थेंबावर दाखवून दिले की, अशा विषमतेत जेथे प्राणवायू कमी, तेथेच लोखंड झिजते. म्हणून झाकलेला भाग सुरक्षित, ही सहज होणारी समजूत येथे उलटी ठरते.

आता पहिली अवस्था. ‘गंज चढला’ असे ज्यास यथार्थपणे म्हणता येईल, तो पृष्ठभागावरचा तांबूस थर होय. गाडी धुऊन रात्रभर उभी केली असता ब्रेकच्या चकतीवर असा थर येतो आणि सकाळी दोनचार वेळा ब्रेक दाबताच घासून जातो. आसाच्या किंवा झोल्याच्या जाड लोखंडावर तो दिसला, तरी धातूच्या जाडीत फरक पडलेला नसतो. येथे घाबरण्याचे कारण नाही. मात्र वेळ हीच आहे. तारेचा ब्रश अथवा पॉलिश पेपर, तेलकटपणा काढणे, पूर्ण वाळविणे आणि मग लेप, एवढ्याने काम भागते.

दुसरी अवस्था पत्रा गंजल्याची. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडाचा थर घट्ट बसून खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नव्हे. तो सच्छिद्र असून पाणी धरून ठेवतो, आणि ज्या लोखंडापासून तो बनला त्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, दोन पत्र्यांचा सांधा फाकतो. पापुद्रे खरवडल्यावर खाली खळगे दिसले, की ऱ्हास पत्र्यावर नसून पत्र्यात आहे असे समजावे. अशा जागी प्रथम सुटा गंज काढून टाकावा, आणि मग खळग्यांत उरलेल्यावर फॉस्फॉरिक अथवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावावे. टॅनिक आम्लाने गंजाचे निळसर काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. हिरडा आणि हिराकस ह्यांपासून काळी शाई करणाऱ्या आपल्या पूर्वजांस ही रासायनिक क्रिया हातची होती. मात्र ती वरच्या पातळ थरापुरतीच होते; जाड पापुद्र्यांवर द्रावण ओतून उपयोग नाही.

तिसऱ्या अवस्थेत पत्रा ‘खाल्लेला’ असतो. गॅरेजमध्ये त्यालाच ‘सडला’ म्हणतात. टोचणी आरपार जाते. येथे लेपाचा प्रश्नच उरत नाही. सडका भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच उपाय होय. चासी, झोल्याचे आधार व ब्रेकच्या नळ्या ह्यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. त्यांवर काळा लेप फासणे म्हणजे संरक्षण नव्हे, केवळ पुरावा झाकणे होय.

येथे दुसरा भाषिक प्रश्न उपस्थित होतो. बाजारात मिळणाऱ्या सर्व द्रव्यांस आपण ‘गंजरोधक’ ह्या एकाच शब्दाने ओळखतो. वस्तुतः त्यांत किमान चार भिन्न कार्ये सामावलेली आहेत. डांबरी किंवा रबरी लेप हे ‘आवरक’. ते पाण्यास अडवितात आणि उडणाऱ्या खडीचा मार सोसतात. गॅरेजमधील रेडऑक्साइडही ह्याच वर्गातले. त्याचा रंग गेरूप्रमाणे लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. रक्षण करते ते प्रामुख्याने त्यातील तेलाचे वा राळेचे पटल. वर सांगितलेली आम्ले ‘रूपांतरक’ होत. तेल, मेण व लोकरीची चरबी ही ‘जलनिवारक’. ती सुकून कडक होत नाहीत, फटींत शिरतात, परंतु धुपून जातात म्हणून वर्षास पुन्हा लावावी लागतात. जस्त हे ‘त्यागी’. ते स्वतः झिजून लोखंडास राखते. कल्हईशी त्याची तुलना उद्बोधक आहे. लोखंडावर कथलाचा मुलामा असून त्यास ओरखडा पडला, तर तेथील लोखंड उलट लवकर गंजते. जस्ताच्या मुलाम्यास ओरखडा पडला, तरी जस्त आधी झिजते. मात्र ह्यासाठी जस्ताचा लोखंडाशी प्रत्यक्ष स्पर्श हवा. गंजावर लावलेला जस्तयुक्त लेप त्यागी राहत नाही, साधा आवरक होतो.

शब्द एक असल्यामुळे निवडही एकच होते : जे जाड व काळेकुट्ट, ते उत्तम. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर डांबरी लेप खरोखरच उपयुक्त असतो. परंतु गंजलेल्या वा ओलसर पत्र्यावर तो लावला, अथवा काही वर्षांनी वाळून तडकला, की पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. मग वरून अखंड दिसणाऱ्या लेपाखाली गंज पत्रा खात राहतो. जुन्या वाहनास म्हणून मेण वा तेल बरे. त्याखालचे दिसते व पुन्हा तपासता येते.

व्यवहारात क्रम असा ठेवावा. पावसाळा सरताच आणि समुद्रकाठच्या प्रवासानंतर अधोभाग गोड्या पाण्याने धुवावा, चिखल खरवडावा, दारांखालील पोकळ भागांची निचऱ्याची भोके मोकळी करावीत व गाडी वाळू द्यावी. लेप द्यावयाचा तो पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत. ब्रेकच्या चकत्या, तापणारा सायलेन्सर, फिरते दांडे व निचऱ्याची भोके ह्यांवर कोणताही लेप लावू नये. रबरी भागांस खनिज तेल लागू देऊ नये.

परिभाषा घडविणाऱ्यास ह्या उदाहरणापासून एक बोध घेता येतो. अवस्थांचा भेद दर्शविण्यासाठी मराठीस नवे शब्द उसने घ्यावे लागत नाहीत. ‘चढणे’, ‘गंजणे’ व ‘खाणे’ ह्यांत तो सिद्धच आहे. उणीव आहे ती उपायांच्या नावांत. तेथे कार्य सांगणारी नावे रूढ झाली, तर गाडीखाली वाकून पाहणाऱ्या मालकास लेपाचे नाव विचारण्यापूर्वी योग्य प्रश्न विचारता येईल : गंज पत्र्यावर आहे, की पत्र्यात?