गिअरच्या दांड्याची खडखड

वडखळ सोडून अलिबागेच्या वाटेस लागलें कीं थोड्याच वेळांत धरमतरची खाडी येते. एके काळीं मुंबईची आगबोट येथें लागे; आतां खाडीवर पूल आहे आणि मुंबईचीं कुटुंबें स्वतःच्या मोटारींतून तो ओलांडतात. त्यांत जीपच्या जातीचीं वाहनें पुष्कळ असतात. रस्त्यांतील खड्डे आणि खारबांधांवरील पावसाळी चिखल पाहिला म्हणजे ही आवड अगदींच अनाठायी वाटत नाहीं. परंतु अशा गाडींत बसणारास एक गोष्ट हटकून जाणवते: चालकाच्या डाव्या हाताशीं असलेला गिअरचा दांडा सारखा थरथरतो व मधूनच खडखडूं लागतो. कोणी म्हणतो, जीपचा तो स्वभावच आहे. कोणी घाबरून गाडी कारखान्यांत नेतो. दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें असतें.

या वाहनाचें घराणें लष्करी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. १९४७ सालीं महिंद्रा अँड महंमद या कंपनीनें विलीज जीप मुंबईंत जोडण्यास आरंभ केला; पुढच्याच वर्षीं त्या कंपनीचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा झालें. या जुन्या जीपमध्यें दांडा गिअरपेटीच्या डोक्यांतून सरळ वर आलेला असे आणि त्याच्या शेजारीं आणखी दोन आखूड दांडे असत. एकानें पुढचीं चाकें इंजिनास जोडावयाचीं, दुसऱ्यानें वेग निम्म्यावर आणून जोर वाढवावयाचा. एका इंजिनाच्या बैठकीवर तीन दांडे, मग आवाजास काय तोटा! शहरांतील बहुतेक लहान मोटारींत दांडा गाडीच्या तळाशीं बसवून तारांनीं पेटीस जोडलेला असतो. पेटीची थरथर वाटेंतच जिरते. दांडा पेटीवरच उभा असला म्हणजे ती थेट हातापर्यंत पोंचते.

दांड्याच्या खालच्या अंगास एक गोळा असतो. आपल्या खांद्याच्या सांध्याप्रमाणें तो वाटींत बसतो व त्यावर स्प्रिंगचा दाब असतो. गोळ्याखालचें टोंक पेटींतील सळया पुढेंमागें सारतें. सळईस खांचा पाडलेल्या असतात. गिअर पडला कीं स्प्रिंगनें दाबलेली एक बारीक गोळी त्या खांचेंत बसते आणि सळईस जागच्या जागीं धरून ठेवते. ही गोळी बोराएवढी देखील नसते, पण घाटांत तिच्यावर बरेंच अवलंबून असतें.

आतां खडखडीचा विचार करूं. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ७५० फेरे घेत उभें असेल, तर प्रत्येक फेऱ्यास दोन याप्रमाणें सेकंदास २५ ठोके देतें. वेग वाढला कीं ठोकेही वाढतात. रस्त्यावरून अवजड मोटार गेली कीं मांडणीवरील एखादेंच भांडें वाजतें, बाकीचीं गप्प असतात. कारण त्या भांड्याचा स्वतःचा कंप व बाहेरचा कंप जुळतात. दांड्याचेंही तसेंच आहे. म्हणून खडखड एका ठराविक वेगास उठते आणि वेग बदलला कीं थांबते. दोन बोटांनीं दांडा हलकेच धरल्यावर आवाज बंद झाला, तर दोष वरच्या अंगास, म्हणजे सैल मुठींत, थकलेल्या स्प्रिंगांत किंवा झिजलेल्या वाटींत आहे. तो थोडक्या खर्चांत दुरुस्त होतो.

बोटांनीं आवाज थांबला नाहीं, तर गाडी उभी असतां गिअर न घालतां क्लच दाबून पाहावा. त्यानें आवाज थांबला, तर तो पेटींत मोकळ्या फिरणाऱ्या दांत्यांचा असण्याचा संभव अधिक. डिझेल इंजिनाचे ठोके जड असल्यामुळें थोडा आवाज व्हावयाचाच. एकाएकीं वाढला तर मात्र पेटींतील तेल तपासून घ्यावें.

थरथर निराळी आणि हालचाल निराळी. इंजिनाचा जोर वाढला कीं तें आपल्या रबरी बैठकांवर किंचित् कलतें, जोर काढला कीं परततें, आणि दांडा त्याच्याबरोबर डुलतो. हें साहजिक आहे. परंतु पाय सोडतांच दांडा झटक्यानें सरकून तळाच्या फटीच्या कडेस आपटूं लागला, तर रबर फाटलें आहे असें समजावें. त्या आपटण्यानें लागलेला गिअरही सुटूं शकतो.

खरी भीति येथें आहे. पुलापलीकडे पोयनाडवरून अलिबागेस जातांना कार्लेखिंडीचा चढउतार लागतो. उतारावर इंजिन गाडीस ओढीत नसतें, गाडीच इंजिनास ढकलीत असते. दांत्यांवरचा दाब उलटतो. दांते झिजलेले किंवा गोळीची स्प्रिंग मऊ पडलेली असेल, तर गिअर आपोआप बाहेर येतो आणि इंजिनाचा अटकाव नाहींसा होतो. सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो; लांब उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. असें झाल्यास प्रथम पायाच्या ब्रेकनें वेग कमी करावा, मग क्लच दाबून त्या वेगास साजेसा गिअर घालावा.

पुष्कळ चालक यावर दांडा हातानें दाबून धरण्याचा उपाय करितात. तो उपाय नव्हे. हाताचा दाब कांट्यावर येतो, कांटा फिरत्या गिअरवर सतत घासतो, आणि जी झीज दहा वर्षांत व्हावयाची ती लवकर होते. शिवाय दोष झांकला जातो तो निराळाच.

खाडीकांठच्या गाड्यांस आणखी एक जपणूक हवी. दांड्याच्या बुडाशीं असलेली रबरी टोपी फाटली कीं खारा चिखल आंत शिरतो, ग्रीस धुऊन जातें व गोळ्यास गंज चढतो. टोपी स्वस्त मिळते, म्हणूनच ती बदलावयाची राहून जाते. पावसाळ्यापूर्वीं ती उचलून आंत ग्रीस आहे कीं नाहीं एवढें पाहण्यास मिस्त्रीचीही गरज लागत नाहीं.